‘तैलरंग’ आहे, मग ‘जालरंग’ का नाही?

प्रश्न असा आहे : ‘तेल’चं ‘तैल’ करून आपण ‘तैलरंग’ म्हणतो, तर ‘जल’ तसंच ठेवून ‘जलरंग’ का? आणि जलरंगात चित्रं काढणाऱ्याला ‘जलरंगकार’ म्हणावं का?

‘वेद-वैदिक’, ‘देव-दैवी’ या जोड्या कानात बसलेल्या असतात, त्यामुळे ‘तैल’ हे ‘तेल’चं विशेषण वाटतं. पण ते नामच आहे. तिळापासून निघतं ते तैल. पुढे तिळाचा आग्रह सुटला आणि मोहरीचंही ‘सर्षपतैल’ झालं. हाच ‘तैल’ प्राकृतातून झिजत मराठीत ‘तेल’ होऊन आला. म्हणजे दोन्ही शब्दांत नाम अधिक रंग, एवढाच मामला. ‘जालरंग’ केला तर तो जाळ्याला लावायचा रंग वाटेल!

खरी गंमत अर्थामध्ये आहे. तैलरंगात तिळाचं तेल नसतंच, सहसा जवसाचं असतं. ते हवेतला प्राणवायू शोषून घट्ट होतं आणि रंगासकट कॅनव्हासवर कायमचं राहतं. जलरंगातलं जल मात्र उडून जातं. कागदाला रंगाची पूड धरून ठेवतो तो डिंक. म्हणून तर पॅलेटमध्ये महिनोन्‌महिने सुकून तडकलेल्या वडीवर ओला ब्रश फिरवला की रंग पुन्हा सुटतो, आणि पुऱ्या झालेल्या चित्रावर पाण्याचा थेंब पडला की तिथला रंग हलतो. तैलरंगाला नाव मिळालं राहणाऱ्याचं, जलरंगाला जाणाऱ्याचं. काटेकोर नाव ठेवायचं तर ‘डिंकरंग’ म्हणावं लागेल, पण ते कोण म्हणणार?

‘जलरंगकार’ मला पटत नाही. ‘कार’ म्हणजे करणारा, तेव्हा तो रंगाच्या वड्या पाडणारा वाटतो. ‘जलरंगचित्रकार’ बरोबर आहे, पण जिभेला लांब. चित्रकार मंडळी आपसात ‘तो वॉटरकलर करतो’ एवढंच म्हणतात. लिहिताना ‘जलरंगात काम करणारे’ चालतं. सा. ल. हळदणकरांबद्दलही मी तसंच लिहीन. हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं म्हैसूरमधलं प्रसिद्ध चित्र त्यांचं. पुष्कळांना ते राजा रविवर्म्याचं तैलचित्र वाटतं. आहे ते जलरंगातलं.