कार्यालयात आपल्या शब्दाला वजन कसे येते?

तुम्ही लिहिले आहे की अंधेरीतील एका कंपनीत तीन वर्षे चोख काम करूनही बैठकीत तुमचे म्हणणे कोणी मनावर घेत नाही, निर्णय आधीच ठरलेले असतात आणि खरेदी विभागातील एक ज्येष्ठ सहकारी तुमच्या प्रत्येक सूचनेला खोडा घालतात. मी बॅलार्ड इस्टेटमधील आयात-निर्यातीची कागदपत्रे पाहणाऱ्या एका कार्यालयात बावीस वर्षे काढली आहेत, त्या आधाराने उत्तर देतो. (वजन हा शब्द फायलीवर ठेवण्याच्या अर्थाने वापरलेला नाही, हे मुंबईकरांना आधीच सांगितलेले बरे.)

जॉन फ्रेंच आणि बर्ट्रम रेव्हन या मानसशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये सत्तेचे पाच आधार सांगितले होते: पद, बक्षीस देण्याची ताकद, शिक्षा करण्याची ताकद, जाणकारी आणि त्या व्यक्तीविषयी वाटणारी ओढ. माहिती हा सहावा आधार रेव्हन यांनी पुढे जोडला. मला मात्र मिशेल क्रोझिए या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचे निरीक्षण जास्त उपयोगी पडले. फ्रान्समधील सरकारी तंबाखू कारखान्यांत जवळपास सगळे काम नियमांनी बांधलेले होते. बेभरवशाची गोष्ट एकच उरली होती, ती म्हणजे यंत्र बंद पडणे. त्यामुळे ते दुरुस्त करणारे कामगार हुद्द्याने मोठे नसूनही सर्वांना भारी पडत, आणि यंत्रांची माहिती लेखी न राहता आपल्यातच तोंडी राहील याची काळजी घेत.

आमच्याकडे ही जागा कागदपत्र विभागातील एका बाईंची होती. कोणत्या आयातदाराचे कागद नेहमी अपुरे येतात आणि ते कोणाला फोन केल्यावर मिळतात, हे त्यांनाच ठाऊक. बिल ऑफ एंट्री (आयात मालाचे सीमाशुल्क खात्याकडे भरायचे विवरण) वेळेत भरले गेले नाही तर माल बंदरात अडकून दिवसाच्या हिशेबाने आकार लागतो, म्हणून साहेबसुद्धा नव्या ग्राहकाला होकार देण्यापूर्वी त्यांना विचारत. मी नवखा होतो; भर बैठकीत उठून सुचवले की ही सगळी माहिती एका तक्त्यात उतरवून सर्वांना द्यावी. बाई एवढेच म्हणाल्या, "बघू या." तो तक्ता वर्षभर झाला नाही. चार लोकांसमोर मी त्यांच्या हातातली किल्लीच मागत होतो, हे मला फार उशिरा कळले.

पुढच्या वर्षी मी त्यांच्या टेबलाजवळ चहा घेऊन बसलो आणि त्यांना कशाचा त्रास होतो ते विचारले. गणपतीला गावी गेले तरी आरतीच्या वेळी कार्यालयाचे फोन येतात, असे त्या वैतागून म्हणाल्या. तक्ता त्या फोनवरचा उपाय म्हणून आम्ही दोघांनी मिळून तयार केला, बैठकीत तो त्यांनीच मांडला आणि दहा मिनिटांत मंजूर झाला. माझे नाव कुठेही आले नाही. मात्र त्यानंतर काही नवे करायचे असले की त्या साहेबांना "यालाही विचारा" असे सांगू लागल्या.

म्हणून पंधरा दिवस फक्त पाहा. कोण रजेवर असला की बैठक पुढे ढकलली जाते, बैठकीच्या आदल्या संध्याकाळी केबिनमध्ये कोणाला बोलावले जाते, कोणाच्या बोलण्यानंतर इतरांचे मत बदलते, हे टिपून ठेवा. मग कोणालाही नको असलेली एखादी बेभरवशाची बाब अंगावर घ्या, उदाहरणार्थ भिवंडीच्या गोदामातून दर महिन्याला उशिरा येणारे साठ्याचे आकडे, आणि ते चुकणार असतील तर ते आधीच कळवण्याची सवय ठेवा. मिळालेली माहिती मात्र दडवून ठेवू नका. तसे करणारे लोक आमच्याकडे अपरिहार्य ठरले आणि म्हणूनच त्याच टेबलावर निवृत्त झाले. साहेबांच्या लोकलचा डबा पकडून जवळीक साधणाऱ्यांविषयी काय लिहावे? साहेबांची बदली झाली की त्यांना नवा डबा शोधावा लागतो.

तुमच्या खरेदी विभागातील सहकाऱ्यांविषयी माझा अंदाज असा की तुमच्या सूचनांमुळे पुरवठादारांशी त्यांनी वर्षानुवर्षे जमवलेले काहीतरी उघडे पडते किंवा त्यांच्या हातून सुटते. यात गैरव्यवहारच असेल असे नाही. उधारीचा एखादा तोंडी शब्दही असू शकेल. पुढची सूचना बैठकीत मांडण्याच्या चार दिवस आधी कच्चा मसुदा घेऊन त्यांच्याकडे जा, त्यात त्यांना काय अडचणीचे वाटते ते विचारा, आणि त्यांनी सुचवलेला एक तरी बदल खरोखरच करा.