गुत्ता : आधी ठेक्याचा, मग दारूचा

चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरीकडच्या एका वाचकाचा प्रश्न आहे: 'आमच्या भागात रस्ता बांधणारा गुत्तेदार आणि दारू मिळते तो गुत्ता. शब्द एकच की दोन? गावाचा जुना इतिहास लिहितो आहे. गोंड राजांच्या काळातल्या दारूच्या जागेला गुत्ता म्हटलं तर चालेल का?'

शब्द एकच आहे. तेलुगूत 'गुत्त' म्हणजे मक्ता, ठरलेल्या रकमेवर दिलेला हक्क. कन्नडात 'गुत्तिगे' आहे. मराठवाड्यात आणि त्याला लागलेल्या विदर्भात शेतातलं काम 'गुत्त्यानं' देतात तेही हेच. मूळ अर्थाला दारूचा वाससुद्धा नाही.

दारू चिकटली ती आबकारीमुळे. नागपूरचं राज्य खालसा झालं, १८६१ साली मध्य प्रांत झाला, आणि दारूचा महसूल सरकारी हिशेबात मोठी बाब होऊन बसला. दूरदूरच्या रानात प्रत्येक भट्टीवर शिपाई ठेवणं परवडणारं नव्हतं. म्हणून एका भागात दारू गाळायचा आणि विकायचा हक्क लिलावात काढायचा, बोली जास्त त्याला द्यायचा. पैसे सरकारजमा, पुढचं त्याचं तो बघेल. या पद्धतीचा दोष उघड होता: बोलीची रक्कम वसूल व्हायची तर गिऱ्हाईक वाढलं पाहिजे, म्हणजे माणसं जास्त प्यायली पाहिजेत. पुढे मोठ्या सरकारी भट्ट्या आणि गाळलेल्या दारूवरचा कर यांवर भर आला, १९१५ साली प्रांताचा स्वतंत्र आबकारी कायदाही झाला. पण हक्काचं नाव जागेला पडलं ते कायम राहिलं. 'गुत्त्यावर गेला' म्हणजे ठेकेदाराच्या दुकानात गेला.

मला यातली पुढची उलथापालथ फार महत्त्वाची वाटते. गुत्ता ही सरकारमान्य जागा होती. तिच्या बाहेर, घरामागे किंवा नाल्याच्या काठी गाळली जायची ती हातभट्टी. आज बेकायदा अड्ड्यालाही आपण सर्रास गुत्ता म्हणतो. १९७४ पासून वर्धा आणि १९९३ पासून गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे आपल्याकडे आहेत, २०१५ ते २०२१ चंद्रपूरही होता. परवानाच नाही तिथेही शब्द मात्र परवान्याचाच.

आता तुमचा दुसरा प्रश्न. गोंड राजांच्या काळासाठी गुत्ता लिहू नका. तिथे 'कलाराची भट्टी' लिहा. कलार म्हणजे दारू गाळून विकणारा. कलार, कलाल हे शब्द संस्कृत 'कल्यपाल'वरून आले. 'कल्य' म्हणजे मद्य. नाव माणसावरून आणि भट्टीवरून, सरकारी हक्काचा त्यात मागमूस नाही. सरकारी पानगृह हवंच असेल तर ते आपल्या भाषांत फार जुनं आहे: कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाचा अधिकारी आहे आणि त्याच्या 'पानागारा'त अनेक खोल्या, वेगवेगळी शय्या-आसनं, फुलं, सुगंध आणि पाणी असावं असं सांगितलं आहे. पण तो शब्द गोंडपिपरीच्या रानात आणू नका, उपरा वाटेल.

आणि एक विनंती. गोंड गावांत पिण्याला दुकान लागतच होतं असं गृहीत धरू नका. फाल्गुन-चैत्रात पहाटे मोहफुलं गळतात, बाया-पोरं टोपल्या घेऊन वेचतात, अंगणात वाळवतात. ती भिजवून आंबवली की 'सडवा' होतो, तो मडक्यात उकळून वाफ थंड केली की धार लागते. पहिली धार सगळ्यात कडक. 'पहिल्या धारेची' हा आपला वाक्प्रचार तिथलाच. ही दारू जन्माला, लग्नाला, मरणाला लागते. पिण्याआधी देवाच्या आणि पूर्वजांच्या नावानं थोडी जमिनीवर सोडतात. तिला 'अड्डा' किंवा 'गुत्ता' हे शब्द लावले की पूजेतली वस्तू एकदम गुन्ह्याच्या खात्यात जाते. तुमच्या गावाच्या इतिहासात ती तशी जाऊ नये.

म्हणून घरच्या मोहासाठी 'मोहाची', कलाराकडच्या जागेसाठी 'भट्टी', आणि लिलावाच्या काळापासून पुढे 'गुत्ता' असं लिहा. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना मात्र हे तीन शब्द सुचवू नका. ते आपणहून काय म्हणतात ते तसंच टिपून घ्या.