वाचक विचारतात : पीएसए वाढला, मग लगेच सुई का नाही?

प्रश्न : वडील ६७ वर्षांचे. पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीतून रक्तात येणारं प्रथिन; वाढलं तर कॅन्सरची शंका घेतात) ६.८, प्रोस्टेटचा आकार ५२ सीसी. शेजारच्या काकांची अशाच आकड्यावर लगेच बायॉप्सी (सुईने तुकडे काढून तपासणी) झाली होती. आमचे डॉक्टर आधी एमआरआय करा म्हणतात. यात उशीर तर होणार नाही?

उत्तर : नाही. काकांच्या वेळी सोनोग्राफीवर बघत ठरावीक जागांतून दहा-बारा तुकडे काढत. गाठ सापडली तर सापडली. उलट जन्मात त्रास न देणारे बारीक कॅन्सर भरपूर हाती लागत. २०१८च्या 'प्रिसिजन' चाचणीत ५०० पुरुषांवर दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या. दखल घ्यावी असा कॅन्सर एमआरआय गटात ३८ टक्क्यांत सापडला, जुन्या पद्धतीत २६. शिवाय एमआरआय गटातल्या २८ टक्के लोकांना सुई लागलीच नाही.

पण आधी ६.८ हा आकडा खरा आहे का ते बघा. लघवीत जंतुसंसर्ग असेल तर तो बरा झाल्यावर सहा आठवड्यांनी रक्त पुन्हा द्यावं. आदले दोन दिवस सायकल आणि शरीरसंबंध टाळावेत. खरा घोळ होतो तो गोळ्यांमुळे. प्रोस्टेट लहान करणारी ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड सहा महिने चालू असेल तर पीएसए साधारण निम्मा दिसतो, म्हणजे ६.८ हा १३.६ धरायचा. घरचे 'लघवीची गोळी चालू आहे' एवढंच सांगतात. पाकीटच दाखवा.

एमआरआयच्या रिपोर्टात पायरॅड्स हा कॅन्सरचा संशय किती ते सांगणारा १ ते ५ गुण असतो. १-२ असेल तर बहुधा थांबता येतं, ४-५ला बायॉप्सी. अडतं ते ३वर. तिथे पीएसएला ग्रंथीच्या आकाराने भागतात : ६.८ भागिले ५२, म्हणजे ०.१३. हाच भागाकार ०.१५च्या वर गेला की डॉक्टर सुईकडे वळतात.

प्रश्न : प्रोस्टेट कॅन्सरवरच्या ॲबिराटेरॉनच्या चार गोळ्या उपाशीपोटी घेतल्या की सासऱ्यांना मळमळतं. नाश्त्यानंतर दिल्या तर?

उत्तर : चारही तशा देऊ नका. तेलकट खाण्यासोबत हे औषध रक्तात दहापटीपर्यंत जास्त उतरतं. म्हणूनच आधी दोन तास आणि नंतर एक तास पोट रिकामं ठेवायचं. याच गुणाचा उपयोग करून २५० मिलिग्रॅमची एकच गोळी हलक्या नाश्त्यासोबत देऊन पाहिली गेली. ७२ रुग्णांच्या त्या अभ्यासात पीएसए उतरवण्यात ती चार गोळ्यांना कमी पडली नाही. अभ्यास छोटा आहे, पण खर्च चौथाईवर येतो. डॉक्टरांना जरूर विचारा. सोबतची स्टेरॉइडची गोळी मात्र मनाने बंद करू नका. ती सुटली की पोटॅशियम उतरतं, रक्तदाब चढतो, पाय सुजतात.