बोनस आलाय म्हणून लगेच ट्रेडमिल नको

अगं,

तुझा तो लांबलचक व्हॉइस मेसेज काल दोनदा ऐकला. पहिला बोनस हातात आलाय, त्यातून ट्रेडमिल घेऊ की जिमची वर्षाची मेंबरशिप भरू, शिवाय घड्याळ, प्रोटीनचा डबा आणि पोटाला बांधायचा तो घामाचा बेल्ट, एवढं सगळं एका दमात विचारलंस. फोनवर सांगायला बसले तर निम्मं राहून जाईल म्हणून लिहूनच काढतेय, सावकाश वाच. आणि एक आधीच सांगते, व्यायाम करायचं मनात आलं याचा मला फार आनंद झाला, तुझ्या आईलाही फोन करून सांगितलं.

माझं मत सरळ आहे. व्यायामाची वेळ आधी ठरू दे, सामान मागून येऊ दे. आठ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, अर्धा तास, तुझ्या कर्वेनगरच्या रूमवर, जवळजवळ फुकट. तेवढं टिकलं की मग काय घ्यायचं ते तुला आपोआप कळायला लागेल, कारण कुठे अडतंय ते अंगाला कळलेलं असेल. आज तू जी यादी केलीयस ती जाहिराती बघून केलीयस, अंगाला विचारून नाही.

माझंच सांगते. त्रेचाळिसाव्या वर्षी माझा उजवा खांदा धरला, फ्रोझन शोल्डर. वेणी घालता येईना, ब्लाउजचा हुक लागेना, बसमध्ये वरची दांडी पकडायला हात जाईना. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी हातात काय दिलं, तर एक पिवळी रबराची पट्टी, दीड मीटरची. खिडकीच्या गजाला बांधून कोपर कमरेशी चिकटवून ओढायची, दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. पिवळी सोपी जायला लागली तेव्हा लाल, मग हिरवी. हिरवी सहज ओढली गेली त्या दिवशी मी किचनमध्ये वरच्या फळीवरचा डबा त्याच हाताने काढला आणि तिथेच उभी राहून रडले. व्यायामावर मी केलेला तो पहिला खर्च, आणि आजही सगळ्यात वसूल झालेला तोच.

म्हणून तू काही घेणारच असशील तर आधी रेझिस्टन्स बँड, म्हणजे तशीच ताणायची रबराची पट्टी, घे. त्याचं कारण नीट समजून घे. आपल्याकडचे घरच्या घरी करायचे व्यायाम बघ, सूर्यनमस्कार, जोर, बैठका. फार उत्तम व्यायाम आहेत, पण सगळे ढकलण्याचे आणि पायांचे. ओढण्याचा त्यात एकही नाही. आजीला तो वेगळा करावाच लागला नाही, ती विहिरीचं पाणी शेंदायची, जातं ओढायची, पाठ आणि दंड त्यातच व्हायचे. मी आणि तुझी आई लहानपणी अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात उन्हाळी शिबिराला जायचो (१९१४ पासूनची संस्था आहे ती), तिथे मुलींना दोरीचा मल्लखांब असायचा, दोरीवर वर चढताना पाठ अशी भरून यायची की रात्री कुशीवर वळताना जाणवायचं. तू आठ-नऊ तास लॅपटॉपसमोर खांदे पुढे टाकून बसतेस, तुला ढकलण्यापेक्षा ओढण्याची जास्त गरज आहे आणि रूमवर ओढायला काहीच नसतं. बँड ती अडचण सोडवतो.

लांब पट्टीचे दोन-तीन जाडीचे बँड आणि दारात अडकवायचा अँकर (बँड ज्यात ओवायचा तो पट्टा) असा सेट मिळतो, हजाराच्या आसपास भागतं. अँकर लावताना एक काळजी घे. आपण ओढू तसं दार घट्ट बंद व्हायला पाहिजे, उघडायला नको. म्हणजे दार ज्या बाजूला उघडतं त्याच्या उलट बाजूला तू उभी राहायचं, कडी लावायची, आणि फ्लॅटमेटला सांगून ठेवायचं. बँड खिडकीत उन्हात टाकू नकोस, त्याचं रबर तडकतं, आणि वापरायच्या आधी दर वेळी बोटांत धरून ताणून बघ, बारीक चीर दिसली तर टाकून दे. ताणलेला बँड तुटून तोंडावर आला तर डोळ्याशी गाठ आहे.

पुल-अप बार घेऊ नकोस असं मी म्हणणार नाही, पण भाड्याच्या घरात दोनदा विचार कर. चौकटीवर हुकसारखा अडकणारा बार येतो त्याला चौकटीच्या वर बाहेर आलेली पट्टी लागते, आपल्या बऱ्याच फ्लॅटमध्ये ती नसतेच. दुसरा, मध्ये पिळून घट्ट बसवायचा, तो ग्रॅनाइटच्या चौकटीवर सरकतो आणि लाकडावर खड्डे पाडतो, मग डिपॉझिटमधून पैसे कापले जातात.

बँडच्याही आधी घ्यायची गोष्ट म्हणजे दोन चांगल्या स्पोर्ट्स ब्रा. हे कुणी मुलींना नीट सांगत नाही. साध्या ब्रावर धावायला, दोरीउड्या मारायला गेलं की दुखतं, लाज वाटते, आणि मुली व्यायामच सोडून देतात, मी माझ्या मैत्रिणींमध्ये हे बघितलंय. दुकानात ट्रायल रूममध्ये चार उड्या मारून बघ, श्वास खोल घेता आला पाहिजे आणि खांद्याचा पट्टा रुतता कामा नये. इलॅस्टिक सैल झालं की बदलायची, ती वर्षानुवर्षं पुरवायची वस्तू नाही. त्यानंतर चालायचे बूट, पण ते फक्त चालायला आणि पळायला. बैठका आणि वजनं अनवाणीच कर, मऊ जाड सोलवर पाय डुगडुगतो. एक ६ मिलिमीटरची मॅट, बस. आणि एक वही. त्यात तारीख, काय केलं, किती केलं. घड्याळापेक्षा वही बरी, घड्याळ पावलं ठीकठाक मोजतं पण कॅलरीचा आकडा अंदाजे असतो, आणि तो बघून मुली जेवण कमी-जास्त करायला लागतात ते मला अजिबात आवडत नाही.

आता तो अर्धा तास. रूमवर ओटा आहे ना, तिथून पुश-अपची सुरुवात. ग्रॅनाइटच्या कडेवर तळवे खांद्यांपेक्षा थोडे रुंद ठेव, पाय मागे ने, टाचेपासून डोक्यापर्यंत अंग फळीसारखं सरळ, ढुंगण वर नाही आणि कंबर खाली नाही, आणि छाती ओट्याच्या कडेला टेकेपर्यंत सावकाश खाली ये, मग ढकल. आठ-आठचे तीन सेट. (ओटा आधी पुसून कोरडा कर, ओल्या ग्रॅनाइटवर हात सटकतो.) बारा-बारा सहज व्हायला लागले की ओट्यावरून खुर्चीच्या बैठकीवर, खुर्ची भिंतीला टेकवून, मग जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर, मग जमिनीवर. मला जमिनीवर यायला सात महिने लागले, तू तेविशीची आहेस, लवकर येशील. त्यानंतर बैठका, ५ किलोची कणकेची पिशवी छातीशी मिठी मारून धरायची, खाली जाऊन एक क्षण थांबायचं, वर यायचं. मग बँड ओढणं. शेवटी प्लँक (कोपरं आणि पायाची बोटं टेकवून अंग सरळ धरून थांबायचं), किंवा पाण्याचा २० लिटरचा जार येतो ना तुमच्याकडे, तो भरलेला म्हणजे साधारण २० किलो, जेव्हा पाय आणि पाठ तयार होईल तेव्हा तो नीट उचलून पॅसेजमध्ये चालून यायचं, आत्ता लगेच नको. बाकीच्या दिवशी चाल. जागतिक आरोग्य संघटनेचं २०२० चं मार्गदर्शन मोठ्यांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम असं सांगतं. चालण्यासाठी वेताळ टेकडी तुला तशी जवळ आहे, रविवारी कधी पर्वती चढ, १०३ पायऱ्या आहेत, दोन फेऱ्या केल्यास की ट्रेडमिलची आठवण येणार नाही.

ट्रेडमिलबद्दल तर मी कळकळीने सांगते, नको. मी घेतला होता. दोन वर्षांनी त्याचा बोर्ड जळला, कंपनीचा माणूस आज येतो उद्या येतो करत तीन महिने गेले, पार्ट मिळाला नाही, शेवटी भंगारात घातला. मशीन चांगलं असलं तरी पट्ट्याखाली सिलिकॉन ऑइल घालत राहावं लागतं, घडी घातली तरी कपाटाएवढी जागा अडते, आणि तू दुसऱ्या मजल्यावर, पहाटे सहाला धावलीस तर खालच्या काकांच्या डोक्यावर धावल्यासारखं होणार. जाहिरातीतली हॉर्सपॉवर बहुतेक वेळा पीक, म्हणजे क्षणभरची, असते, सलग चालायची ताकद त्यापेक्षा कमी. घाम काढायचा बेल्टही सोड, त्यातून जातं ते पाणी, तांब्याभर प्यायलीस की वजन परत जागेवर.

प्रोटीनचा डबा वाईट नाही, फक्त तो पहिला नाही. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) शिफारस वजनाच्या किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांची आहे, म्हणजे तुझ्या ५८ किलोला साधारण ४८ ग्रॅम, वजनं उचलायला लागलीस की थोडं जास्त लागतं. मेसच्या डब्यात पातळ वरण आणि बटाट्याची भाजी आली की तेवढं भरत नाही हे खरं, पण आधी दोन अंडी, वाटीभर दही, मूठभर शेंगदाणे, उसळ मागून घे, एका अंड्यात ६ ग्रॅम असतं. तरी कमी पडलं तर डबा घे, त्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा, १४ आकडी नंबर बघून. जिममधल्या ट्रेनरने बॅगेतून काढून दिलेला मात्र नको.

आता जिम. घरच भारी आणि जिम म्हणजे दिखावा असं मी मुळीच म्हणत नाहीये, मी स्वतः आठवड्यात तीनदा जाते. घरच्या व्यायामाची एक हद्द आहे. पाय आणि कंबर फार लवकर ताकदवान होतात, तीन-चार महिन्यांत कणकेची पिशवी तुला हलकी वाटायला लागेल आणि तेव्हा खरं वजन पाहिजे, बार (प्लेट लावायचा लांब लोखंडी रॉड) पाहिजे, तो ठेवायचा रॅक पाहिजे. हाडांची घनता साधारण तिशीपर्यंत वाढते, पुढे ती टिकवायची असते, आणि बायकांना पाळी जाताना त्याची किंमत कळते. माझ्या वयाला येऊन हाडांची काळजी सुरू करण्यापेक्षा तू आत्ता कर हे मला मनापासून वाटतं. शिवाय तुझी फ्लॅटमेट रात्रपाळीची, दिवसा झोपलेली, तुला जागा आणि मोकळेपणा मिळतच नसेल तर आठ आठवडे थांबूही नकोस, सरळ जिम लाव.

पण वर्षाचे पैसे एकदम भरू नकोस. मी एकदा दिवाळी ऑफर म्हणून भरले, चौथ्या महिन्यात शटर खाली, मालकाचा फोन बंद, आम्ही पन्नास-साठ जण नुसते बाहेर उभे. आधी एक महिना, मग तीन-तीन महिन्यांचे भर, थोडं महाग पडलं तरी. पैसे अडकले तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, पण त्यासाठी पावती पाहिजे, म्हणून पावती घेच. त्यावर जीएसटी बघ, २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमच्या फीवरचा कर १८ टक्क्यांवरून ५ वर आलाय.

जिम बघायला जाशील ते सोमवारी संध्याकाळी सातला जा, म्हणजे ज्या वेळेला तू खरंच जाणार आहेस तेव्हा. दुपारी तीनला सगळ्याच जिम छान दिसतात. जिम ऑफिस आणि रूमच्या वाटेवर असू दे, चांगली पण उलट्या दिशेची असेल तर पावसाळ्यात नक्की सुटणार. सव्वा किलोच्या छोट्या प्लेट आहेत का ते बघ, कारण मोठा बार रिकामाच २० किलोचा असतो, त्यावर एकदम पाच-पाच किलो दोन्हीकडे चढवणं तुझ्या खांद्यांना जमणार नाही, आपली प्रगती सव्वा सव्वा किलोनेच होते. बायकांच्या बाथरूमला कडी आहे का बघ. आणि ट्रेनरने पहिल्या दिवशी जुनी दुखापत, पाळीचा त्रास, औषधं असं काही विचारलं का, की थेट पर्सनल ट्रेनिंगचं पॅकेज पुढे केलं, यावरून जिम कशी आहे ते कळतं.

घरी वजनं घ्यावीशी वाटलीच तर नवी कोरी नको. मार्च २०२० मध्ये करोनामुळे जिम बंद झाल्या त्या आपल्याकडे दसऱ्याला, २५ ऑक्टोबरला उघडल्या, त्या काळात लोकांनी भरमसाट सामान घेतलं आणि अजूनही ते सेकंडहँड निघत असतं. लोखंड झिजत नाही, रबर आणि मोटर झिजते, एवढं लक्षात ठेवून घे. प्लॅस्टिकच्या कवचातल्या सिमेंट-वाळूच्या प्लेट नको, आपटल्या की फुटतात. आणि घरगुती सेटचा बारीक रॉड आणि जिमचा जाड बार यांचं माप वेगळं असतं, एकाच्या प्लेट दुसऱ्याला बसत नाहीत, टेप घेऊन जा.

माझ्याकडे ६ किलोची केटलबेल (वर मूठ असलेलं गोळ्यासारखं वजन) आहे, मी आता १२ ची वापरते. रविवारी नऊनंतर ये, पोहे करते, ओट्यावरचे पुश-अप कसे जातायत ते बघते, आणि जाताना ती घेऊन जा. पिशवी जाड कापडाची आण, पातळ पिशवीचे बंद तुटतात.

तुझी,
मावशी