संकल्प, हिशोब आणि आढावा: वाचकांचे प्रश्न

नव्या वर्षाच्या ध्येयांविषयी मागच्या अंकात प्रश्न मागवले होते. बहुतेकांनी ‘काय ठरवावं’ हे विचारलं आहे. ठरवलेलं घसरायला लागलं की ते कधी आणि कसं तपासायचं, हे फार थोड्यांनी विचारलं. आमच्या मते खरी अडचण तिथेच असते, म्हणून उत्तरांचा भर आढाव्यावर आहे.

प्रश्न: मी कल्याणला राहते, नोकरी मुंबईत. दर १ जानेवारीला वहीत दहा-बारा संकल्प लिहिते: चालणं, वाचन, इंग्रजी संभाषण, योगासनं, कुंडीतली बाग, भरतकाम. फेब्रुवारीत ती वही उघडायचीही लाज वाटते. माझी इच्छाशक्तीच कमी पडते का?

उत्तर: इच्छाशक्तीचं नंतर पाहू, आधी तासांचा हिशोब मांडा. आठवड्याचे तास १६८. नोकरी रोज ९ तास, पाच दिवसांचे ४५. लोकल आणि रिक्षा धरून रोजचा प्रवास ३ तास, म्हणजे १५. झोप रोज साडेसात तास, म्हणजे साडेबावन्न. स्वयंपाक, धुणीभांडी, बाजार, मुलांचा अभ्यास मिळून रोज साडेतीन तास, म्हणजे साडेचोवीस. आंघोळ, जेवण, आवराआवर रोज दोन तास, म्हणजे १४. बेरीज १५१ होते. उरले १७. तुमचे आकडे थोडे वेगळे असतील, पण शिल्लक याच घरात येईल.

आता या १७ तासांतले निम्मे बाजूला काढा. पाहुणे, शाळेची मीटिंग, ताप, लोकलचा खोळंबा हे दर आठवड्याला काही ना काही असतंच. नियोजन करताना माणूस सगळं सुरळीत जाईल असं धरूनच वेळ मोजतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये ही चूक नेमकी मांडली आणि उपायही सांगितला: मनातल्या चित्रावरून अंदाज बांधू नका, मागच्या वेळी प्रत्यक्षात किती झालं त्यावरून बांधा. म्हणून गेल्या वर्षीची वही लाज न बाळगता उघडा. तुमच्याकडची सगळ्यात उपयोगी आकडेवारी तीच आहे.

हाती राहिले साधारण ८ तास. चालणं ३० मिनिटं, पाच दिवस: अडीच तास. वाचन अर्धा तास, सहा दिवस: तीन तास. इंग्रजी संभाषण ३० मिनिटं, पाच दिवस: अडीच तास. आठ तास संपले. बाकीचे संकल्प वहीच्या शेवटच्या पानावर लिहा आणि वर ‘पुढची तिमाही’ असं शीर्षक द्या. ते रद्द झालेले नाहीत, रांगेत आहेत.

प्रत्येक ध्येयापुढे किती, कधी आणि कुठे हे तिन्ही लिहा. ‘रोज चालणार’ असं नको. ‘सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी स्टेशनवरून रिक्षा न करता घरी, ३० मिनिटं’ असं हवं. (आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम ही जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची किमान शिफारसही त्यातच पुरी होते.) लोकलमध्ये उभ्याने वाचन होईल हे मात्र गृहीत धरू नका. कानात इअरफोन घालून संभाषणाचे धडे ऐकता येतील. ते जमलं, तर अडीच तास मोकळे होतात आणि बागेला जागा मिळते.

प्रश्न: वय ५२, नाशिक. मधुमेह आहे. एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांतली साखर दाखवणारी चाचणी) ८.१ आहे, ते डॉक्टरांनी ७ च्या खाली आणायला सांगितलंय आणि वजन ८ किलोने कमी करायचंय. गेल्या वर्षी रोज वजन करायचो. कधी अर्धा किलो कमी, कधी एक किलो जास्त. दोन महिन्यांत कंटाळून सोडलं.

उत्तर: तुम्ही लिहिलेली दोन्ही ध्येयं म्हणजे परिणाम आहेत. परिणाम तुमच्या हुकमावर येत नाही, कृती येते. दोन्ही वेगवेगळ्या पानांवर लिहा. कृतीच्या पानावर रोज खूण करायची: रात्रीच्या जेवणानंतर २५ मिनिटं चाललो का, रात्री ठरलेल्या दोनच भाकऱ्या खाल्ल्या का, चहा बिनसाखरेचा घेतला का. परिणामाचं पान क्वचित उघडायचं.

किती क्वचित, हे ज्या गोष्टीचं मोजमाप करता तीच ठरवते. वजन रोज एक-दोन किलो वर-खाली होतं ते पाण्यामुळे: आदल्या रात्री लोणचं-पापड जास्त झाले, पोट साफ झालं नाही, तरी काटा सरकतो. रोज करायचंच असेल तर सकाळी शौचानंतर, चहाआधी, त्याच काट्यावर करा, पण तुलना फक्त आठवड्याच्या सरासरीची करा. महिन्याला एक किलो हा वेग धरलात, तर आठ किलोंना आठ महिने लागतील आणि दिवाळीसाठी हातात सवड राहील.

एचबीएवनसीचं गणित निराळं आहे. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि त्यांतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर ही चाचणी मोजते. म्हणजे तो आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांचा असतो. तीन आठवड्यांनी पुन्हा तपासून ‘काहीच फरक नाही’ म्हणण्यात अर्थ नाही. जानेवारीत एक चाचणी, मग एप्रिलच्या सुरुवातीला दुसरी.

एक गोष्ट विसरू नका. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर चालणं वाढवण्याआधी आणि जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगा. साखर अचानक खाली जाऊ शकते आणि मग औषधाचं प्रमाण बदलावं लागतं.

आणि पावसाळ्याची सोय आजच लिहून ठेवा: ‘जर पाऊस असेल, तर घरातच हॉल ते गच्चीचा जिना २५ मिनिटं.’ अशा जर-तरच्या वाक्यांवर जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी बरंच काम केलं आहे. ९४ चाचण्यांचा एकत्रित आढावा त्यांनी सहकाऱ्यासह २००६ मध्ये प्रसिद्ध केला. नुसता इरादा करणाऱ्यांपेक्षा, अडचण आणि तिच्यावरची कृती आधी ठरवणाऱ्यांकडून काम बरंच जास्त पार पडतं, असं त्यातून दिसलं. नाशिकच्या जुलैत हे वाक्य तुमच्या फार उपयोगी पडेल.

प्रश्न: आम्ही दोघंही कमावतो. वर्षाला दीड लाख शिल्लक टाकायचं ठरवतो आणि मार्चपर्यंत जेमतेम पंधरा हजार जमतात. खर्च उधळपट्टीचे नाहीत. चुकतंय कुठे?

उत्तर: महिन्याच्या खर्चाचा अंदाज तुम्हाला आहे, वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चाचा नाही. तो दरवर्षी येतो, तरी दरवर्षी ‘अचानक’ वाटतो. एका कागदावर जानेवारी ते डिसेंबर अशा बारा चौकटी आखा. जूनमध्ये शाळेची फी आणि वह्या-पुस्तकं समजा ३६,०००, विम्याचे हप्ते १८,०००, गणपती-दिवाळी २४,०००, मे महिन्यात गावी जाणं-येणं आणि लग्नांचे आहेर १२,०००. एकूण ९०,०००. याला बाराने भागलं की महिन्याला ७,५०० होतात. हे पैसे शिलकेत धरायचे नाहीत. वेगळ्या बचत खात्यात टाका आणि त्या-त्या महिन्यात तिथूनच काढा.

दीड लाख शिल्लक म्हणजे महिन्याला १२,५००. दोन्ही मिळून २०,०००. घरभाडं, किराणा, हप्ते जाऊन एवढे पैसे पगारातून उरत नसतील, तर ध्येय जानेवारीतच चुकलेलं आहे आणि ते आजच कळलेलं बरं. ६,००० पासून सुरुवात करा, पगारवाढीच्या महिन्यात ९,००० करा.

रक्कम पगार जमा झाल्यावर दोन दिवसांच्या आत आपोआप कापली जाईल अशी सूचना बँकेत द्या. महिनाअखेर उरेल ते टाकू म्हटलं, की उरत नाही. पीपीएफमध्ये टाकणार असाल तर ५ तारखेच्या आत टाका, कारण ५ तारीख ते महिनाअखेर या काळातल्या सगळ्यात कमी शिलकेवर व्याज धरलं जातं. सहा तारखेला भरलेल्या पैशांवर त्या महिन्याचं व्याज मिळत नाही. आणि क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल, तर आधी ती फेडा. तिचं व्याज कुठल्याही सुरक्षित बचतीपेक्षा कितीतरी जड असतं.

प्रश्न: निवृत्त आहे, सोलापूर. या वर्षात ज्ञानेश्वरी अर्थासह पूर्ण वाचायची आहे. अठरा अध्याय, म्हणजे दर वीस दिवसांना एक. दोनदा सुरुवात केली, तेराव्या अध्यायापाशी गाडी अडली.

उत्तर: अध्याय सारख्या लांबीचे नाहीत, म्हणून अडली. पहिल्या अध्यायात पावणेतीनशेच्या आसपास ओव्या आहेत, बाराव्यात अडीचशेच्या आसपास. तेरावा एकदम साडेअकराशेच्या पुढे जातो आणि अठरावा अठराशेच्या पुढे. बाराव्याला रोज बारा-तेरा ओव्या पुरत होत्या, तेराव्याला अठ्ठावन्नच्या वर लागतात. त्यात दम लागणारच.

अध्याय मोजू नका, ओव्या मोजा. एकूण सुमारे नऊ हजार आहेत. वर्षात वाचनाचे ३०० दिवस धरा. उरलेले ६५ दिवस प्रवास, आजारपण, लग्नकार्य आणि मागे पडलेलं वाचायला. रोज ३० ओव्या अर्थासह म्हणजे सावकाश पाऊण तास. शंभराव्या वाचनदिवशी तुम्ही तीन हजारांच्या आसपास असायला हवं. अडीच हजारांच्या मागे असाल, तर रोजच्या ओव्या वाढवू नका, वेळ बदलून पाहा. दुपारच्या जेवणानंतरचं वाचन पेंगेत जातं, सकाळच्या चहानंतर बसा.

प्रश्न: मुलगा नववीत आहे. त्याचं ‘रोज तीन तास अभ्यास’ हे ध्येय मी भिंतीवर लावते. दरवर्षी भांडण होतं.

उत्तर: ते ध्येय तुमचं आहे, त्याचं नाही. तुमच्या हातात आहे तेवढंच तुमच्या कागदावर लिहा: संध्याकाळी ७ ते ९ घरातला टीव्ही बंद, आपला फोन दुसऱ्या खोलीत, जेवण ९ ला. त्याचा कागद त्याने स्वतः लिहावा, हवं तर तासांऐवजी धड्यांत आणि सोडवलेल्या गणितांत. रविवारी तो दाखवेल तेवढाच पाहा.

प्रश्न: २१ दिवस सलग केलं की सवय लागते म्हणतात. माझं लिखाण तेराव्या दिवशी तुटलं, मग सोडूनच दिलं. शिवाय ‘आढावा घ्या’ असं सगळे सांगतात. आढावा म्हणजे नेमकं करायचं काय?

उत्तर: २१ दिवसांचा आकडा डोक्यातून काढून टाका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर बारा आठवडे अभ्यास केला. नवी कृती आपसूक व्हायला लागायचा मध्यक निघाला ६६ दिवस, आणि माणसामाणसांतला फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत (बारा आठवड्यांपुढचे आकडे अंदाजाने काढलेले). त्याच अभ्यासात असंही दिसलं, की एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा खंड पडत नाही. तुमचं नुकसान तेराव्या दिवशी झालं नाही, चौदाव्या दिवशी झालं. ‘लागोपाठ दोन दिवस चुकवायचं नाही’ एवढा एकच नियम ठेवा आणि चुकलेलं दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरून काढू नका. दुप्पट काम नकोसं होतं आणि मग तिसरा दिवसही जातो.

आता आढावा. ध्येय लिहिण्याआधी आढाव्याचा वार आणि वेळ ठरवा, उदाहरणार्थ रविवारी रात्री जेवणानंतर १५ मिनिटं. वहीत चार रकाने: ध्येय, आठवड्यात किती वेळा ठरलं होतं, किती वेळा झालं, न झाल्याचं कारण. कारण एका शब्दात: वेळ, थकवा, प्रवास, आजार, कंटाळा. इथे निबंध लिहायला बसलात, तर तिसऱ्या रविवारी आढावाही बंद पडेल.

चार रविवार झाले की कारणांचा रकाना वरपासून खाली वाचा. ‘प्रवास’ आणि ‘आजार’ सोडून द्या, ते आपोआप निवळतात. ‘वेळ’ हा शब्द तीनदा आला असेल, तर त्या वेळेला दुसरं काहीतरी घट्ट बसलेलं आहे, जागा बदला. ‘थकवा’ आला तर काम दिवसाच्या आधीच्या भागात न्या. ‘कंटाळा’ पुन्हा पुन्हा आला, तर कामाचा प्रकार बदला: एकट्याने लिहिण्याऐवजी आठवड्यातून एकदा कुणाला वाचून दाखवा.

आकड्यांसाठी आमचा ठोकताळा असा. ठरलेल्यापैकी ८० टक्क्यांच्या वर झालं, तर काहीही बदलू नका, वाढवूही नका. सलग चार आठवडे तसं गेल्यावरच थोडं वाढवा. सलग तीन आठवडे ५० टक्क्यांच्या खाली असेल, तर काम निम्मं करा: रोज दोन पानांऐवजी एक. मधल्या पट्ट्यात कारणांवर काम करा, आकड्याला हात लावू नका.

तिमाही आढाव्याला तासभर लागतो. तेव्हा कृती आणि परिणामाची दोन्ही पानं शेजारी ठेवा. कृती ८० टक्के झाली आणि परिणाम हलला नाही, तर पद्धत चुकते आहे, जाणकाराला विचारा. कृतीच ४० टक्के असेल, तर पद्धतीबद्दल अजून काही कळलेलं नाही, ती इतक्यात बदलू नका. हा फरक न केल्यामुळेच लोक तीन-तीन डाएट आणि चार-चार क्लास बदलत बसतात. एखादं ध्येय आता नकोच असेल, तर तारीख आणि एका ओळीत कारण लिहून ते रीतसर काढून टाका. न काढलेलं ध्येय वहीत पडून राहतं आणि बाकीच्यांचा उत्साह खातं.

प्रश्न: जानेवारी हुकला. गुढीपाडव्यापासून सुरुवात केली तर चालेल?

उत्तर: जरूर. हेंगचेन दाई, कॅथरिन मिल्कमन आणि जेसन रीस या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं, की आठवडा, महिना, वर्ष किंवा सत्र नव्याने सुरू झालं की लोकांची जिममधली हजेरी वाढते. सुरुवातीचा तो जोर पाडव्यालाही मिळतो. फक्त पुढच्या आढाव्यांचे दिवस त्याच दिवशी कॅलेंडरवर लिहा: आषाढी एकादशी, दसरा, मग डिसेंबरअखेर. पहिली दोन अंतरं साधारण तीन-सव्वातीन महिन्यांची येतात, शेवटचं थोडं कमी. मात्र चैत्र ते आषाढच्या मध्ये अधिक महिना आला, की पाडवा ते आषाढी अंतर चार महिन्यांवर जातं. अशा वर्षी जूनच्या सुरुवातीला, शाळा उघडण्याच्या आसपास, एक जादा आढावा घाला.