वाचक विचारतात : सासरे आणि लेक, दोघांना झेपेल अशी टेकडी कुठली?

प्रश्न : ताई, आम्ही वारज्याला राहतो. सासरे 68 वर्षांचे, चालायला एकदम तयार पण उतरताना गुडघा बोलतो. लेक 9 वर्षांची. सिंहगड चढणं दोघांनाही जमणार नाही. दोन तासात होईल, गेलो त्याच वाटेने परत यायला लागणार नाही आणि वरून सगळं पुणं दिसेल (ही लेकीची अट!) असं काही सांगाल का?

उत्तर : सांगते ना, वेताळ टेकडी. पुणे शहरातली ही सगळ्यात उंच टेकडी मानतात, वेताळाचं देऊळ साधारण 800 मीटरवर आणि खाली शहर 560 च्या आसपास, म्हणजे पायथ्यापासून चढलात तर जवळपास 240 मीटर चढ होतो. तुम्ही तो सगळा चढू नका. लॉ कॉलेज रोडकडून एआरएआयचा (टेकडीवरची वाहन संशोधन संस्था) डांबरी रस्ता वर जातो, गाडी वर लावा आणि तिथून चालायला लागा, सासऱ्यांच्या गुडघ्याचा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

जाताना झाडीतली पायवाट धरून देवळापर्यंत जा, येताना जुन्या दगडखाणीच्या बाजूने या, झाला तुमचा गोल. निवांत, थांबत, पाणी पीत चाललात तरी दीड-पावणेदोन तास पुरतात. बरेच जण देवळापाशी पोचले की फोटो काढून त्याच वाटेने मागे फिरतात आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण शहर एका जागी उभं राहून दिसतच नाही, टेकडीच्या कडेकडेने चालत गेलं की ते एकेक बाजूने उलगडत जातं. एकीकडे पाषाणचा तलाव, दुसरीकडे पर्वती, खाली कोथरूडच्या इमारती, आणि हवा स्वच्छ असली की नैऋत्येला सिंहगड. लेकीला आधी सिंहगडावरचा टीव्हीचा मनोरा शोधायला सांगा, तो सापडला की बाकीच्या दिशा तिला आपोआप कळतील, मग आपलं वारजं कुठे तेही तीच दाखवेल.

खाणीपाशी मात्र तिचा हात सोडू नका. कडा सरळ तुटलेल्या आहेत आणि खाली पाणी असतं. पण लांबून ती भिंत नीट दाखवा, तो काळा दगड म्हणजे साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, महाराष्ट्रातला बहुतेक सह्याद्री त्याचाच आहे.

आता गुडघ्याचं. चढाला घाबरू नका, सांभाळायचा तो उतार, आणि उतारावरचा सुटा मुरूम. मी स्वतः एका मे महिन्यात कोथरूडच्या बाजूने घाईत उतरताना त्याच्यावरून घसरले, दोन्ही तळहात सोलून निघाले. तेव्हापासून काठी नेते, तिरकं उतरते आणि वाट गुळगुळीत दिसली की पाऊल छोटं टाकते. सासऱ्यांना घट्ट तळव्याचे बूट घालायला लावा, चपला नकोत.

सकाळी उजाडता उजाडता जा, मोर ओरडताना ऐकू येतील, दिसतीलही. संध्याकाळी गेलात तर सूर्य बुडायच्या आत गाडीपाशी या, पुण्याच्या टेकड्यांवर अंधारात लूटमार झालेली आहे, लेकरू बरोबर असताना उगाच धोका कशाला. पाणी घरूनच न्या.

प्रश्न : फेब्रुवारीत टेकडीभर गुलाबी फुलं दिसतात ती कसली? आणि तिथे आपण झाडं लावावीत का?

उत्तर : ती गिरिपुष्पाची, काही लोक उंदीरमारी म्हणतात. झाड बाहेरचं, मध्य अमेरिकेतलं, इथे लावलेलं आणि भराभर वाढलेलं. दिसतं फार सुंदर पण त्याच्या दाटीत सालई-मोईसारख्या आपल्या इथल्या झाडांना जागा कमी पडते. झाडं लावायचा उत्साह चांगलाच आहे, पण वाट्टेल ते रोप नेऊन खड्डा खणू नका, टेकडीवरचं उघडं गवतसुद्धा मोकळी पडलेली जागा नाही, जमिनीवर घरटी करणारे पक्षी तिथेच असतात. खरी मदत करायची तर उन्हाळ्यात करा, त्या वाळलेल्या गवतात सिगरेटचं एक थोटूक पडलं की आख्खा उतार जळतो, त्यामुळे कोणी पेटवताना दिसलं तर तिथल्या तिथे थांबवा, आणि धूर दिसला तर 101 ला फोन करा, कुठल्या बाजूला आहे ते सांगा, पाषाण की कोथरूड की गोखलेनगर, म्हणजे बंब योग्य बाजूने येतो.