‘हेतुपूर्ण जगणं’ कानाला का खटकतं?

प्रश्न थोडक्यात असा. ‘इंटेन्शनल लिव्हिंग’बद्दल, म्हणजे आपल्याला काय महत्त्वाचं आहे याचा विचार करून जगण्याबद्दल, लिहिताना प्रश्नकर्तीने वाक्य केलं, ‘मी रोजचं आयुष्य हेतुपूर्ण पद्धतीने जगण्याचा प्रयत्न करते.’ ते वाचून मैत्रीण हसली आणि म्हणाली, ‘कसला गं हेतू? काहीतरी कट शिजतोय असं वाटतं.’ मग ‘हेतुपूर्ण’, ‘सहेतुक’ की ‘सोद्देश’? आणि जाता जाता, ‘उद्देश’ लिहायचं की ‘उद्देश्य’?

मैत्रिणीचा कान तयार आहे. संस्कृतात ‘हेतु’ म्हणजे मुळात कारण. ‘डोंगरावर आग आहे, कारण धूर दिसतो’ या न्यायशास्त्रातल्या (कोर्टातला न्याय नव्हे, जुनं भारतीय तर्कशास्त्र) घासून गुळगुळीत झालेल्या अनुमानात धूर हा हेतू. धातू ‘हि’, म्हणजे ढकलणे, पुढे लोटणे. मराठीत आल्यावर मागून ढकलणारा हा हेतू पुढे जाऊन बसला आणि ‘मनातला इरादा’ झाला. एवढ्यावर थांबता तर ठीक होतं. पण आपण हेतूची चौकशी करतो कधी? काहीतरी बिनसल्यावर. ‘त्याचा हेतू चांगला होता’ हे वाक्य काम नीट पार पडल्यावर कुणी म्हणत नाही. ‘हेतुपुरस्सर’चं तेच झालं. शब्दशः ‘हेतू पुढे ठेवून’, इतका निर्मळ शब्द. पण त्याच्यामागे आता बदनामी, दिरंगाई, दुर्लक्ष असलंच काहीतरी येतं. ‘सहेतुक’ म्हणाल तर माणसं सहेतुक हसतात, सहेतुक गप्प बसतात. ‘सोद्देश’ व्याकरणाने निर्दोष आहे, पण बोलताना तो कुणाच्या तोंडी मी ऐकलेला नाही.

‘मुद्दाम’ची गंमत आणखी वेगळी, कारण त्याचा अर्थ बोलणारा कोण यावर फिरतो. ‘मी मुद्दाम थांबले’ म्हटलं की त्यात आपुलकी: तुझ्यासाठी थांबले. ‘ती मुद्दाम थांबली’ म्हटलं की लगेच भुवई वर: का बरं थांबली? क्रियापद तेच, पुरुष बदलला आणि आरोप तयार झाला. लहान मूल आपल्या बचावाचं जे पहिलं पूर्ण वाक्य शिकतं, तेही बहुधा ‘मी मुद्दाम नाही केलं’ हेच असावं. (हा माझा अंदाज, घरातल्या दोन पोरांवर बेतलेला.)

याची दुसरी बाजू म्हणजे ‘सहज’. मूळ अर्थ सह-ज, जन्माबरोबर आलेलं. पण मराठी माणूस हा शब्द वापरतो तो नेमका हेतू लपवायला. दोन बस बदलून, पत्ता विचारत विचारत एखादा दारात उभा राहतो आणि म्हणतो, ‘काही नाही, सहज आलो.’ फोनवर अर्धा तास इकडचं-तिकडचं झाल्यावर शेवटच्या मिनिटाला खरं काम निघतं, तोही फोन ‘सहजच’ केलेला असतो. ठरवून केलेली गोष्ट सहज म्हणून सांगण्यात आपल्याला सभ्यपणा वाटतो. अशा भाषेत ‘मी हेतुपूर्ण जगते’ हे वाक्य अंगावर आल्यासारखं वाटणारच.

मग काय वापरावं? माझं मत ‘आवर्जून’ला. हा शब्द कुठल्याही पुरुषात स्वच्छ राहतो. ‘ती आवर्जून आली’ यात कौतुकच आहे. ‘त्याने आवर्जून काच फोडली’ असं थट्टेतच म्हणता येईल. शिवाय त्याचं मूळ पाहण्यासारखं आहे: आ + वृज्, म्हणजे वळवणे, आपल्याकडे झुकवणे. याच ‘वृज्’पासून ‘वर्ज्य’ आणि ‘वर्जित’ आले. म्हणजे जे आवर्जून करायचं आणि जे वर्ज्य करायचं, ते मुळात भाऊ-भाऊ. प्रश्नकर्तीला जे म्हणायचंय त्याच्या इतकं जवळ जाणारं दुसरं काही मला सापडलेलं नाही.

अडचण एकच. ‘मी आवर्जून जगते’ असं वाक्य होत नाही. आवर्जून वाचते, आवर्जून भेटते, आवर्जून टाळते हे चालतं. त्याला एखादी नेमकी कृती हवी. ‘जगणे’सारख्या सगळं पोटात घेणाऱ्या क्रियापदाशी त्याचं जमत नाही. तिथे ‘ठरवून’ घ्यावं. ठरवून पाडापाडीही होते, हे मान्य. पण ‘मी’बरोबर तो शब्द सरळ राहतो. म्हणून वाक्य मी असं करीन: ‘दिवसभरात जे करते ते ठरवून करायचा प्रयत्न असतो, सकाळचा एक तास तर आवर्जून मोकळा ठेवते.’ विशेषणाची गरजच उरत नाही. इंग्रजीतलं विशेषण मराठीत बऱ्याचदा ‘-ऊन’ लावून क्रियापदाच्या आधी बसवलं की सुटतं.

आयुष्याच्या एकूण अर्थाबद्दल बोलायचं असेल, तर मात्र ‘प्रयोजन’ हाताशी आहे. ‘प्रयोजनमनुद्दिश्य न मन्दोऽपि प्रवर्तते’ असं मीमांसा दर्शनाचे जुने पंडित कुमारिल भट्ट यांचं वचन आहे: काहीतरी प्रयोजन समोर धरल्याशिवाय मंदबुद्धी माणूसही हातपाय हलवत नाही. ‘सार्थक’ इथे चालणार नाही. ते झाल्यावर म्हणायचं असतं, आणि बहुधा दुसऱ्याने.

आता ‘उद्देश’. धातू ‘दिश्’, म्हणजे दाखवणे, दिशा त्यातलीच. ‘मला उद्देशून बोलला’ यात बोट दाखवल्याची ती खूण अजून टिकून आहे. हिंदीत याच अर्थाने ‘उद्देश्य’ चालतं आणि हल्ली मराठी मजकुरातही ते घुसतंय. मराठीत उद्देश्य म्हणजे वाक्यात ज्याच्याविषयी काही सांगायचं ते. जे सांगितलं ते विधेय. तेव्हा ‘माझ्या आयुष्याचे उद्देश्य’ असं लिहिलंत, तर व्याकरणाचा मास्तर विधेय कुठे आहे म्हणून विचारेल. आणि ‘हेतू’ सुटा असताना दीर्घ, ‘हेतुपुरस्सर’सारख्या समासात ऱ्हस्व, प्रश्नकर्तीच्या मजकुरात दोन ठिकाणी उलटं झालंय.